पालथी पुस्तकं मोजणारा

आबा स्वतःच्याच वाचनालयाकडे पाठ करून बसायचे.

दारात लाकडी खुर्ची. तोंड रस्त्याकडे, हात गुडघ्यांवर आणि पाठीमागे अख्खं वाचनालय. आत कुणी खोकलं तरी मान वळायची नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हा माणूस कामावर झोपलाय. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि कामावर झोपलेला माणूस दिसला की त्याच्यावर पत्रक काढायचं, एवढंच मला येत होतं.

"काय हो, वाचनालय चालू आहे की बंद?"

"चालू."

"मग ग्रंथपाल कुठायत?"

"तुमच्याशी बोलतायत."

"आणि आत कोण वाचतंय, कोण पुस्तक पळवतंय, त्याच्याकडे लक्ष कुणाचं?"

"मोजायचं," आबा म्हणाले, "बघायचं नाय."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की आता माझ्याही तोंडात येतं. त्या दिवशी मात्र मी वहीत लिहिलं होतं : पालेगाव. ग्रंथपाल विक्षिप्त. चौकशी आवश्यक.

आबांनी तीस वर्षं अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर काढली होती. वॉचमन म्हणून. निवृत्त झाल्यावर पालेगावच्या बौद्धवाडीत, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, वाडीतल्या लोकांनी गोळा केलेली पुस्तकं ते सांभाळायला लागले. बसायची सवय मात्र गेटवरचीच राहिली.

"वॉचमन आत बघत नसतो, कार्यकर्त्या बाई," ते मला समजवायचे. "आत बघायला मालक असतो. वॉचमन बाहेर बघतो."

'कार्यकर्त्या बाई' हा टोमणा होता. माझं नाव त्यांना माहीत होतं.

त्या खोलीला दोन दारं होती. पुढचं रस्त्याकडे, जिथे आबा. मागचं नाल्याकडे, ज्याला कडीसुद्धा धड लागत नव्हती. नाल्यात कपडे धुवायचे दगड. नाल्यापलीकडे गावातल्या घरांच्या पाठी. वाडी अलीकडे, गाव पलीकडे. गावातल्या माणसानं वाडीच्या समाजमंदिरात पाऊल टाकायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर मी फाडलं असतं.

आता मी तिथे का गेले होते ते सांगते.

दोन हजार चार-पाचचा सुमार. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या लहानमोठ्या वाचनालयांनी एकत्र येऊन संघ केला होता. मी बदलापूरची, संघासाठी वाचनालयं तपासत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी एक. आमच्या टोळक्याचं एक पत्रक तेव्हा बरंच गाजलं होतं : 'कागदावरचे वाचक'. कारण काय, तर निम्म्या वाचनालयांच्या वह्यांत वाचकांची नुसती झुंबड, आणि दाराला कुलूप. एका ठिकाणी तर ग्रंथपालाच्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, वाचनालय बंद असताना, वाचकांची रांग लागल्याची नोंद होती. त्यात नवरदेवाचंही नाव होतं. पुस्तक बदलून नेलं होतं त्यानं.

संताप येणार नाही का? मला आला. पत्रकाच्या शेवटी मी ठळक अक्षरांत छापलं : 'नाव नाही तो वाचक नाही! एक संघ, एक नोंद, एकही थाप नाही!'

संघाला संगणक मिळाला आणि प्रश्न उभा राहिला. सगळ्या वाचनालयांची नोंद अंबरनाथला एकाच ठिकाणी जमा करायची आणि तिथूनच कोण किती वाचतं ते काढायचं, की प्रत्येकानं आपली मोजणी आपल्याकडे ठेवायची? यावर चार बैठका झाल्या. तुम्हाला वाटेल, यात भांडण्यासारखं काय आहे. मलाही तेच वाटत होतं.

संगणक बसवणारा माणूस उल्हासनगर कॅम्प एकचा, सिंधी. त्याला सगळे साईं म्हणायचे. वाचनालयांशी त्याचा संबंध एवढाच, की त्याची बायको मराठी मालिका बघायची. पण सगळ्यांत स्वच्छ तोच बोलला.

"दो तरीके हैं, मॅडम. एक में सब नाम, सब किताब, सब तारीख अंबरनाथ आएगी. तो पता चलेगा कौन सी किताब कहां सोई पडी है, कौन सी दो-दो बार खरीद ली. झूठ भी पकडा जाएगा. दुसरे में सब अपना अपना गिनेंगे, महिने को खाली टोटल भेजेंगे. बोलो, क्या मांगता?"

"टोटल कुणीही पाठवेल," मी म्हणाले. "मूळ नोंद हवी. एकाच जागी."

अध्यक्षांनी टेबल वाजवलं. अध्यक्ष म्हणजे अंबरनाथच्या मोठ्या वाचनालयाचे, निवृत्त शिक्षक, सज्जन माणूस. सज्जन माणसं मला तेव्हा फार आवडायची, कारण ती माझं ऐकायची. नोंदीचा तक्ता मीच बनवला. सहा रकाने : सभासदाचं नाव, पत्ता, क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. त्याला जोडून नियमही झाला. लागोपाठ तीन महिने जिथे पुस्तकांची देवघेव शून्य, ते वाचनालय बंद आणि त्याची पुस्तकं अंबरनाथला जमा. या नियमालाही मी हात वर केला होता.

तो तक्ता घेऊन मी पालेगावला गेले, ती आमची दुसरी भेट. आबांनी चष्मा लावला, सहाही रकान्यांवरून बोट फिरवलं आणि तक्ता उलटा करून मागची बाजू बघितली.

"मागे काही नाही आबा, एवढंच आहे."

"पालथ्यांचा रकाना कुठाय?"

"कसल्या?"

त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. प्रत्येक पानावर तारखा, आणि तारखेपुढे एक आकडा. तीन. पाच. दोन. पाच. बाकी काही नाही.

त्यांचं मोजणं असं होतं. या वाचनालयातून घरी पुस्तक कुणीच नेत नसे. जो तो इथेच वाचायचा, आणि वाचून झालं की पुस्तक फळीवर परत न ठेवता टेबलावर पालथं ठेवून जायचा. संध्याकाळी सहाला आबा खुर्चीतून उठायचे, आत वळायचे, पालथी पुस्तकं मोजायचे, आकडा लिहायचे आणि एकेक पुस्तक सुलटं करून जागेवर ठेवायचे.

"पालथं पडलेलं ठेवू नये रातभर," ते म्हणाले. "माणूस असो की पुस्तक."

"पण वाचणारे कोण? नावं सांगा, मी लिहून घेते."

"मी बघितलंच नाय तर सांगू कसं?"

मला वाटलं, हा आणखी एक. कागदावरचे वाचक, पण इथे तर कागदही नाही. मी बाकड्यावर बसले. म्हटलं, आज संध्याकाळपर्यंत मी हलणार नाही. बघू किती पालथी पडतात.

"बसा," आबा म्हणाले. "पण तोंड हिकडं."

मे महिना, दुपारचे दोन. भारनियमनामुळे पंखा बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दूर कुठे नवीन टॉवरच्या कामावरचा मिक्सर फिरत होता, तोही थांबला. आम्ही दोघं शेजारी शेजारी, रस्त्याकडे तोंड करून, एका ओळीत. मी मनात पत्रकाचा मथळा जुळवत होते.

आणि मागे पान उलटलं.

पान उलटल्याचा आवाज तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकलाय? वाऱ्यानं उलटतं तेव्हा फडफडतं. माणूस उलटतो तेव्हा आधी बोट कोपऱ्याशी घासतं, मग पान उठतं, मग क्षणभर काहीच नाही, मग ते टेकतं. मी हे चारही आवाज ऐकले. वारा नव्हताच. पायांचा आवाज मी ऐकला नव्हता. दाराचाही नाही.

माझी मान ताठ झाली. मी आबांकडे डोळे वळवले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त गुडघ्यावरच्या उजव्या हाताचं एक बोट उचललेलं होतं.

थोड्या वेळानं दुसरं बोट उठलं. मला दुसरा आवाज ऐकूही आला नव्हता. मग फळीच्या खालच्या बाजूला काहीतरी सरकलं, आणि तिसरं. मागे कुणीतरी वाचता वाचता श्वास रोखला आणि हळूच सोडला. एवढ्या जवळून, की मला वाटलं तो माझ्या वेणीवर पडला.

मी अंधश्रद्धेविरुद्ध पाच पत्रकं लिहिली आहेत. सांगते, त्या दुपारी माझी मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

सहाला आबा उठले. टेबलावर तीन पुस्तकं, तिन्ही पालथी. खोली रिकामी. मी एक उचललं. पानांचा कोपरा ओला होता. मे महिन्यात, जिथे नळाला दिवसाआड पाणी, तिथे पुस्तकाचा कोपरा ओला आणि गार. मी बोट झटकलं.

"आबा, तुम्ही भूतबीत मानता की काय?"

"मी धम्म मानतो. भूत मानत नाय."

"मग हे कोण?"

"मोजायचं—"

"माहीत आहे, माहीत आहे."

अंबरनाथच्या कार्यालयात मी हे बोलून गेले. तिथल्या कारकुनानं डोळे मोठे केले. "अहो मॅडम, त्या नाल्यात एक बाई गेली होती. धुणं धुताना. पालेगावात सगळ्यांना माहितीये." मी त्याला असं झापलं की तो टेबलाखाली पेन शोधायला लागला. पण बदलापूरच्या बसमध्ये माझं बोट मी तीनदा ओढणीला पुसलं.

त्या पावसाळ्यात नाला चढला. दुपारी चढला, बघता बघता मागच्या दाराला पाणी लागलं, पुढचा रस्ताही बुडाला. आबा एकटे अडकले, टेबलावर बसून राहिले. नंतर मी वही बघितली. त्या तारखेपुढे आकडा होता : एक.

"आबा, त्या दिवशी कोण येणार होतं? मुंगीलासुद्धा यायला वाट नव्हती."

"एक पालथं होतं."

"तुम्ही टेबलावरच बसला होतात ना?"

"बसलो होतो. तोंड रस्त्याकडं."

"पानं ओली होती?"

त्यांनी वही मिटून खिशात घातली.

"नाय," ते म्हणाले. "त्या दिवशी कोरडी होती."

पुढे जे जे उलगडलं त्यात या एका आकड्याचा उलगडा नाही. मी तो लावायचा प्रयत्नही सोडून दिलाय.

तोवर संगणक सुरू झाला होता. पालेगावपुढे पहिल्या महिन्यात शून्य. दुसऱ्या महिन्यात शून्य. आणखी एक शून्य, की ती खोली संपली. मी आबांच्या खुर्चीपुढे उभी राहिले, म्हणजे त्यांना माझ्याकडे बघावंच लागेल.

"एक तरी नाव द्या. दोन द्या. कोण येतं त्याला म्हणावं, घरी पुस्तक ने, सही कर. खोली वाचते आबा!"

"नाव दिलं की काय होतं?"

"अंबरनाथला जातं. यादीत येतं. अध्यक्ष तर दर महिन्याला जास्त वाचणाऱ्यांची यादी फलकावर लावतात. कौतुकानं."

"कौतुकानं लावलेलं नाव पण वाचता येतंच की," आबा म्हणाले.

मला तेव्हाही कळलं नाही. लोक म्हणतात ही पोरगी हुशार आहे. हुशार माणसाला कळायला किती वेळ लागतो, याचा हा नमुना.

तिसऱ्या महिन्यात, ऑक्टोबरच्या उन्हात, मी पुन्हा आबांशेजारी बाकड्यावर. पाठीमागे पानं उलटत होती. आबांची चार बोटं वर. आणि तेवढ्यात मागे कुणीतरी हसलं.

वाचता वाचता एखाद्या ओळीवर हसू फुटावं आणि तोंडावर हात दाबावा, तसं. एवढंसंच. भीती वाटली असती तर मी वळले नसते. पण ते हसू मला इतकं ओळखीचं वाटलं की मी वळले.

ती फरशीवर उकिडवी बसली होती. पदर डोक्यावर, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. शेजारी धुण्याची बादली. पुस्तक मांडीवर, आणि ते भिजू नये म्हणून पान ती मनगटाच्या मागच्या बाजूनं उलटत होती. माझ्याएवढीच असेल. खोलीत आणखी कुणीकुणी होतं, पण मला तीच दिसली. तिनं माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही. न्हाणीचं दार कुणी उघडलं की बाई जशी बघते, तसं पाहिलं. पुस्तक हळूच टेबलावर पालथं ठेवलं, बादली उचलली. मागचं दार हललं. बाकीचे कसे गेले, मला कळलंच नाही.

मी वळून आबांकडे बघितलं. चारही बोटं गुडघ्यावर टेकलेली.

"गावातल्या आहेत," ते म्हणाले. अजूनही रस्त्याकडेच बघत होते. "नाल्यावर धुणं घेऊन यायला कुणाला विचारावं लागत नाय. वाडीत यायला लागतं. कुणाच्या घरात पोथीशिवाय पुस्तक चालत नाय, कुणाच्या घरात बाईनं बसलेलं चालत नाय. माझ्या समाजमंदिरात शिरल्या हे कळलं तर मग काय, बोलूच नका. मी बघितलं नाय, म्हंजे कुणीच बघितलं नाय. असं चाललं होतं सात वरसं."

"आबा, मला आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. रोज सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी शून्य पालथी. तिसऱ्या दिवशी शून्य. मी रोज फोन करायचे, वाडीतल्या दुकानात. दुकानदार बाहेर डोकं काढून विचारायचा, "आबा, किती?" आणि मला लांबून त्यांचा आवाज यायचा. रागाचा नाही. साधा. "शून्य म्हणावं."

महिना संपत आला तेव्हा मी संघाची बैठक मागितली. अंबरनाथला, दुपारी चारला. आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. मी उभी राहिले आणि माझ्याच तक्त्याच्या विरोधात बोलले. म्हणाले, प्रत्येक वाचनालयाची वाचायची तऱ्हा वेगळी. कुठे पुस्तक घरी जातं, कुठे पुस्तक घरी जाऊच शकत नाही. एकाच साच्यातून सगळ्यांना काढलं तर जे साच्यात बसत नाही ते नाहीच, असं ठरतं. पालेगावला त्यांची मोजणी त्यांची ठेवू द्या. आपल्याला फक्त बेरीज कळवतील. नावं आपल्याला कशाला हवीत?

साईंनं माझ्याकडे पाहून मान डोलवली. "हो सकता है, सर. मैने पहले ही बोला था. टोटल इधर, नाम उधर. दस मिनट का काम है."

अध्यक्षांनी खण उघडला. आतून एक घडी घातलेला कागद काढला आणि चष्मा पुसून वाचला : "'नाव नाही तो वाचक नाही!' हे वाक्य कुणाचं?"

"माझं."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत, सज्जन होते ना. "हे बघ बेटा," ते म्हणाले, "तूच आम्हाला शिकवलंस, बेरजेवर विश्वास ठेवू नका म्हणून. तरी चल. पालेगावसाठी अपवाद करतो. आबा, सध्या रोज पालथी किती? तोंडी सांगा. तुमच्या शब्दावर आत्ता मान्य करून टाकतो. शून्य सोडून काहीही सांगा."

खोलीत एवढी सोपी गोष्ट कधी कुणी मागितली नसेल. मी टेबलाखालून आबांच्या चपलेवर पाय दाबला. पाच म्हणा. तीन म्हणा. आयुष्यभर मी खोट्या आकड्यांच्या मागे लागले होते आणि त्या क्षणी एका खोट्या आकड्यासाठी मी काहीही दिलं असतं.

"शून्य," आबा म्हणाले.

"एकही नाही?"

"नाय. पहाऱ्यात चूक झाली."

कुणाची चूक, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचा तो नियम त्यांनी माझ्या बाबतीतही पाळला.

पुस्तकं न्यायला टेम्पो गेला तो सोमवार होता. अध्यक्ष स्वतः आले, साईं यादी घेऊन आला, टेम्पोवाला आणि मी. दाखल नोंदवहीत चारशेच्या आसपास पुस्तकं. आबा खुर्चीतून उठून पायरीवर आले.

"साहेब, एक विनंती हाय. तीस वरसं गेटवर काढली, सात वरसं हितं. शेवटची ड्यूटी हाय. दहा मिनटं सगळ्यांनी रस्त्याकडं तोंड करून उभं राहा."

"कशासाठी?"

"सलामी समजा."

अध्यक्षांना गहिवरून आलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि उभे राहिले. टेम्पोवाल्यानं विडी टाकली. साईं माझ्या कानात म्हणाला, "ये क्या नाटक है, मॅडम?" आणि तोही उभा राहिला. भर दुपारी आम्ही पाच जण ओळीनं उभे, समोर रिकामा रस्ता, रस्त्यापलीकडे अर्धवट बांधलेला टॉवर, त्याच्या खिडक्यांच्या जागी नुसती भोकं.

आधी काहीच नाही. मग बादलीच्या कडीचा बारीकसा आवाज. मग पावलं, अनवाणी. किती? मी मोजायला लागले आणि मला मोजता येईना. फळ्यांवरून काहीतरी भराभर उतरत होतं, पण बोलणं नाही, कुजबूज नाही, एक बांगडीही वाजली नाही. साईंच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला दिसत होते. अध्यक्षांचे ओठ हलत होते. बहुधा रामरक्षा. एकही माणूस वळला नाही. वळायचं नाही असं ठरवून नव्हे. वळवेना म्हणून.

"झालं," आबा म्हणाले.

आम्ही वळलो. फळ्या रिकाम्या. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं आणि आबांची वही. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, आमच्या डोळ्यांदेखत वाळत चाललेले.

"कोण होतं?" अध्यक्ष ओरडले. आवाज चिरकला होता. "चारशे पुस्तकं! कोण घेऊन गेलं? आबा!"

"मी बघितलं नाय, साहेब."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तू सांग. तू खोटं बोलणारी नाहीस. तू कुणाला पाहिलंस?"

मी खरंच कुणाला पाहिलं नव्हतं. "नाही सर," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

साईंनं यादीची गुंडाळी केली. तो घामानं भिजला होता. "सर, टेन्शन नको. मशीन में इसका कॉलम है. 'गहाळ'. सब उस में डाल देता हूं."

आबा त्यानंतर फार दिवस नव्हते. थंडीत छातीत दुखलं, अंबरनाथच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत आलेच नाहीत. पुण्यानुमोदनाला मी पालेगावला गेले. समाजमंदिराची पुढची बाजू भरलेली, माणसं बाहेर उभी. सतरंज्या कमी पडल्या. मागच्या खोलीला संघाचं कुलूप होतं, ते वाडीतल्या एकानं दगडानं तोडलं आणि मला म्हणाला, "ताई, आत बघा, एखादी सतरंजी असेल."

बंद खोलीचा वास यायला हवा होता. आला नाही.

फळ्यांवर पुस्तकं होती. जवळजवळ सगळी, दाखल क्रमांकानं लावलेली, कणे बाहेर, सरळ. धूळ नाही. मधल्या फळीवर सात पुस्तकांएवढी मोकळी जागा होती. मी त्या जागेत हात घालून पाहिला, का ते माहीत नाही. मग सतरंजी उचलली आणि दार ओढून घेतलं. पुढे सुत्तपठण सुरू झालं होतं.

उन्हाळ्यात पुन्हा गेले. मधली फळी भरलेली होती. खालच्या फळीवर चार जागा मोकळ्या.

वर्षअखेरीला अध्यक्षांचा बदलापूरला फोन आला. सगळ्या वाचनालयांची आकडेवारी एकत्र करून पुढे पाठवायची होती.

"तू पालेगावकडे जातेस म्हणे अधूनमधून," ते म्हणाले. "ती पुस्तकं कुठे दिसली का? तिथे वाचनाची काही हालचाल? काय लिहू?"

"शून्य लिहा, सर."

"स्वतः बघितलंस?"

"बघितलं. शून्य लिहा."